पाच मिनिटांच्या सिनेमाची परीक्षा

सुताराने दरवाजा केला की लोक दरवाजा बघतात. चौकटीत बसतो का, बिजागरी कुरकुरते का, कडी सरळ लागते का. सुताराला समोर बसवून कोणी विचारत नाही की बाबा रे, हा दरवाजा करताना तुझ्या मनात काय होतं, आणि पुन्हा करायला दिला तर तू काय वेगळं करशील. मी जन्मभर लाकडात काम केलं, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं अबुधाबीत. म्हणून माझी मुलगी तिथल्या एका कॉलेजात मीडिया शिकायला लागली आणि तिने मला मार्कांचा कागद वाचून दाखवला, तेव्हा मी म्हटलं, बाय, हा कागद कोणीतरी चुकीचा छापलाय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिला पहिल्या वर्षाला एक सिनेमा करायचा होता, पाच मिनिटांचा, स्वतः शूट करून स्वतः कापायचा. इथपर्यंत मला समजलं. पण त्या सिनेमाला निम्मेसुद्धा मार्क नव्हते. थोडे मार्क आधी काय ठरवलं त्याला, म्हणजे चित्रं काढून, कुठून कॅमेरा लावणार ते लिहून. थोडे मार्क सिनेमात दिसणाऱ्या प्रत्येकाची सही घेतली का त्याला. मग तो सिनेमा लोकांना दाखवायचा, ते काय म्हणतात ते गोळा करायचं, त्याप्रमाणे काय बदललं ते सांगायचं, त्याला चांगले भरपूर मार्क. आणि शेवटी दोन परीक्षकांच्या समोर उभं राहून आपल्याच कामात काय चुकलं ते आपल्याच तोंडाने सांगायचं. त्यालाही मार्क.

मी विचारलं, चूक सांगितली तर मार्क कापतात ना?

ती म्हणाली, "नो पप्पा, न सांगितली तर कापतात."

मी चौथी शिकलेला माणूस. पण चौथीपर्यंत मी जेवढ्या परीक्षा दिल्या त्यांत हे कधी ऐकलं नव्हतं.

मला त्या कागदाची एवढी काळजी का होती ते सांगतो. कॉलेजचा नियम होता की या कामात बी ग्रेड किंवा त्याच्यावर मिळालं तरच दुसऱ्या वर्षाला प्रॉडक्शनला घेणार, म्हणजे कॅमेरा, कापाकापी, ते सगळं. नाहीतर नुसतं जाहिरात-मार्केटिंगचं पुस्तकी शिकायचं. आणि घरचा नियम असा की बी नाही मिळालं तर मीडिया सोडून अकाउंट्सला जायचं. तो नियम माझाच. माझा मेहुणा सुट्टीत आला होता, तो सारखा म्हणायचा, मुलीच्या हातात कॅमेरा देऊन काय लग्नाचे व्हिडिओ काढायला पाठवणार का. तेव्हा मी सगळ्यांच्या देखत बोलून गेलो की एक वर्ष बघू, नाही जमलं तर मीच तिला अकाउंट्सला घालीन. मी एकदा बोललो की बोललो. मुलीला हे पक्कं माहीत होतं. तिने कॅमेऱ्याची बॅग त्या दिवसापासून स्वतःच्या पलंगाखाली ठेवायला सुरुवात केली.

सिनेमाचा विषय तिने आमच्या क्रिकेटचा घेतला. मी शहराबाहेर मुसफ्फाला, कारखान्यांच्या भागात, एका कंपनीच्या कारपेंट्री वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. कामगारांचा कॅम्प जवळच, आणि कॅम्पच्या मागे मोकळी रेती. दर शुक्रवारी सकाळी तिथे मॅच व्हायची. रेतीत चेंडू उडत नाही, म्हणून मी पिच बनवायची पद्धत काढली होती. आधी टँकरच्या पाण्याने रेती भिजवायची, जड तुळई ओढून ती दाबायची, वर शटरिंगचं बाद झालेलं प्लायवूड अंथरायचं आणि त्याच्यावर एका ऑफिसातून काढून टाकलेला गालिचा खिळ्यांनी ताणून बसवायचा. मॅच संपली की सगळं उचलून ठेवायचं, नाहीतर आठवडाभरात रेतीखाली जातं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा सगळं पहिल्यापासून. मुलीला हेच दाखवायचं होतं, की माणसं दर आठवड्याला एक मैदान बनवतात आणि दर आठवड्याला मोडतात.

अंपायर मीच असायचो. दुसरा कोणी कशाला? पिच माझं, माणसं माझी.

तिने दोन शुक्रवार शूट केलं. माझी मुलाखतही घेतली. मी नवा निळा शर्ट घातला, प्लायवूडच्या थप्पीवर बसलो आणि पिच कसं बनवतात ते सांगितलं. मग बोलता बोलता वसई कशी सोडली, पहिल्या वर्षी ऊन कसं लागलं, एसी नसलेल्या खोलीत ओली चादर अंगावर घेऊन कसे झोपायचो, तेही सांगितलं. माणूस एकदा बोलायला बसला की सांगतो. तिने सगळं घेतलं. कापून कापून त्यातलं दीड मिनिट ठेवलं. पाच मिनिटांत दीड मिनिट माझं, म्हणजे मी हीरोच की. मी वसईला फोन करून भावांना सांगून टाकलं.

आता आली लोकांना दाखवायची वेळ. ती म्हणाली, पंधरा-वीस माणसं हवीत. मी म्हटलं, एवढंच ना? तू काळजीच करू नको.

आमचं घर इलेक्ट्रा स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत होतं. मी त्या शुक्रवारी दुपारी सगळ्या बिल्डिंगला जेवायला बोलावलं. वसईची तीन घरं, वरच्या मजल्यावरचं पुण्याचं कुटुंब, चर्चमध्ये मिस्साला बरोबर जाणारे दोघं-तिघं, समोरचे नाशिकचे अकाउंटंट, त्यांच्या सासूबाईसुद्धा. बायकोने मटण केलं, कोळंबी केली, आमच्या लग्नात असतात तसे गोल पोकळ फुगे तळले. सगळे पोटभर जेवले. मग पोरीने कॅमेऱ्याच्या लाल-पिवळ्या वायरी टीव्हीला लावल्या आणि सिनेमा दाखवला. माझं दीड मिनिट चालू होतं तेव्हा सगळे वळून वळून माझ्याकडे बघत होते. संपल्यावर टाळ्या. मग तिने प्रत्येकाला एक कागद आणि पेन दिलं. काय आवडलं, काय नाही आवडलं, कुठे कंटाळा आला, असे प्रश्न होते.

मी उभा राहून सांगितलं की मनापासून लिहा, पोरीच्या मार्कांचा सवाल आहे.

आता गल्फमध्ये राहिलेल्या माणसाचं एक असतं. त्याच्या हातात इंग्रजी कागद आला की तो आधी घाबरतो. कागदावर आपल्या हाताने वाईट लिहायचं आणि खाली सही करायची, हे तो स्वप्नातसुद्धा करणार नाही. शिवाय नुकताच मटण खाऊन उठलेला. सगळ्यांनी लिहिलं, व्हेरी नाइस. काय नाही आवडलं, नथिंग. कुठे कंटाळा आला, नो. अकाउंटंटसाहेबांनी नाव लिहिलं, पासपोर्ट नंबर लिहिला, ब्लड ग्रुप लिहिला आणि खाली व्यवस्थित अक्षरात लिहिलं, "आय हॅव नो ऑब्जेक्शन." त्यांच्या सासूबाईंनी कागदावर क्रूस काढून दिला, त्या आमच्या धर्माच्या नव्हत्या तरी. बरं वाटेल म्हणाल्या.

मी सगळे कागद नीट पिन करून मुलीच्या हातात दिले. एकही वाईट शब्द नाही. माझ्या मते हे मार्क खिशात आले.

दोन दिवसांनी ती कॉलेजातून आली ती थेट तिच्या खोलीत. शेवटी जेवताना बोलली. तिची शिक्षिका स्कॉटलंडची होती, उंच, केस पांढरे. तिने ते कागद चाळले आणि हसत परत दिले.

"पप्पा, शी सेड धिस इज नॉट फीडबॅक. धिस इज अ थँक-यू नोट."

मी म्हटलं, चांगलं बोलले हा लोकांचा गुन्हा आहे का? बाईला सांग, आमच्याकडे सिनेमा चांगला असला की लोक चांगलाच म्हणतात.

बायको भात वाढत होती. ती म्हणाली, "तुमच्या घरी जेवून तुमच्या मुलीला कोण नावं ठेवील? मीसुद्धा ठेवली नसती."

सबमिशन पुढच्या बुधवारी होतं. तोपर्यंत खरी माणसं शोधायची, त्यांना दाखवायचं, ती काय बोलतात ते घ्यायचं आणि सिनेमा बदलायचा. नाहीतर त्या भागाचे मार्क गेले, आणि ते गेले की बी काही येत नव्हतं, हे तिने बोटांवर मोजून दाखवलं. कॉलेजातली बाकीची पोरं एकमेकांना दाखवत होती, पण तिने कागदावर प्रेक्षक म्हणून लिहिलं होतं, अबुधाबीत काम करणारी साधी माणसं. ती साधी माणसं आणायची कुठून?

मी म्हटलं, कॅम्पात चल. मेसमध्ये मोठा टीव्ही आहे. येत्या शुक्रवारी दुपारी जेवणानंतर सगळे मोकळे असतात. मी सांगतो सगळ्यांना.

ती म्हणाली, "पप्पा, यू कान्ट बी इन द रूम."

का? मी काय वाघ आहे?

बायको म्हणाली, वाघ बरा.

मी खूप वाद घातला. म्हटलं, माझी माणसं माझ्यासमोर खरं बोलतात. मुलगी म्हणाली, ओके, तुमच्या वर्कशॉपमध्ये तुमचं काम चुकलं असं आतापर्यंत कोणी म्हणालंय का? मी म्हटलं, चुकलं असतं तर म्हणाले असते. ती आईकडे बघून हसली. शेवटी ठरलं की मी तिला पिकअपमधून नेऊन सोडणार आणि बाहेर थांबणार. कागदही द्यायचे नाहीत असं तिने ठरवलं, कारण निम्म्या लोकांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं आणि उरलेल्यांनी पासपोर्ट नंबर लिहिला असता. त्याऐवजी ती दुसरा कॅमेरा टीव्हीच्या बाजूला लावणार, लोकांच्या तोंडाकडे करून. सगळ्यांना विचारून, सांगून. ते कुठे हसतात, कुठे जांभई देतात, कुठे उठतात, ते सगळं त्यात येईल. ही युक्ती तिची. मला तेव्हा ती काही खास वाटली नाही.

शुक्रवारी दुपारी मी मेसच्या बाहेर पिकअपमध्ये बसलो. आत माझीच माणसं, माझ्याच मुलीचा सिनेमा, आणि मी काचा खाली करून रेती बघतोय. आतून सुरुवातीला हसण्याचा आवाज आला. तुळई ओढताना एकजण घसरून पडतो तिथे असणार, हे मी ओळखलं. मग सगळं शांत झालं. मी मनात म्हटलं, आता मी आलो असणार. बघा कसे ऐकतायत.

तेवढ्यात मेसचं दार उघडलं आणि दोघं बाहेर आले. त्यांच्या मागून आणखी तिघं. हातात स्टीलचे ग्लास. मला बघून एकदम थबकले. मी विचारलं, क्या हुआ?

"कुछ नहीं उस्ताद, चाय," म्हणून सगळे चहाच्या डेगचीकडे गेले. मला वाटलं, सिनेमा संपला. पण ते ग्लास भरून परत आत पळाले.

आणि मग आतून जो आवाज आला तो काय सांगू. शारजात इंडियाने मॅच जिंकली तरी कॅम्पात एवढा आवाज होत नव्हता. ताटं वाजवत होते. शिट्ट्या. एकजण ओरडतोय, पुन्हा लाव, पुन्हा लाव. जरा शांतता, आणि पुन्हा तोच आवाज. मग पुन्हा. मी दार उघडून खाली उतरलो, पण शब्द दिला होता म्हणून तिथेच उभा राहिलो. मेसचा आचारी मागच्या दाराने बाहेर आला, मला बघितलं, पोट धरून हसला आणि काही न बोलता परत आत गेला.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. हसून की रडून ते कळेना. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, यल्ला पप्पा, घरी चला. अख्ख्या रस्त्यात खिडकीबाहेर बघत होती आणि मध्येच खांदे हलत होते.

घरी तिने ती लोकांच्या तोंडांची टेप आम्हा दोघांना लावून दाखवली. आता मी जे बघितलं ते सांगतो.

पहिला भाग ठीक. सगळे हसतायत, एकमेकांना ढोसतायत. मग टीव्हीतून माझा आवाज सुरू होतो. पिच सांगेपर्यंत माणसं ऐकतात. वसई आली की एकजण मान खाजवतो. उन्हाचं आलं की दुसरा शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलतो. ओली चादर आली आणि पाचजण ग्लास घेऊन उठले. माझ्या चादरीला उठले. आचारी मागून म्हणतो, "उस्ताद को थोडा छोटा करो बेटी. ये तो हम रोज सुनते हैं."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा हसण्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, पुढे लाव.

पुढे मॅच होती. एक हैदराबादी पेंटर होता आमच्याकडे, बॅटिंग चांगली करायचा. शूटिंगच्या एका शुक्रवारी शेवटच्या ओव्हरला तो माझ्या बाजूला धावत आला आणि मी त्याला रनआऊट दिला होता. तो थोडा कुरकुरला, पण मी बोट वर केलं म्हणजे विषय खलास. त्यामुळे त्यांची टीम हरली होती. मुलीने ते सिनेमात सहज म्हणून घेतलं होतं, दोन सेकंदांचं. तिला क्रिकेट काही कळत नव्हतं. कॅमेरा नेमका रेषेच्या समोर होता. टीव्हीवर बॅट रेषेच्या आत टेकलेली, आणि दांड्या अजून उभ्या. कॅम्पातल्या सगळ्यांनी ते बघितलं. पेंटर खुर्चीवर चढला. त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. तो टीव्हीपाशी जाऊन काचेवर बोट ठेवून सांगतोय, "ये देखो मेरा बल्ला. ये देखो लकीर. ये देखो उस्ताद का इन्साफ." आणि पुन्हा लाव, पुन्हा लाव.

माझ्यासमोर कधी मान वर न करणारी माणसं. मी त्यांची तोंडं असली कधी बघितली नव्हती.

मुलीने टीव्ही बंद केला. माझ्यासमोर खाली बसली. आणि त्या दिवशी ती मराठीत बोलली, पूर्ण मराठीत.

"पप्पा, मला मार्क हवे असतील तर दोन गोष्टी कराव्या लागतील. तुमचं बोलणं कापायचं, आणि तो रनआऊट मोठा करायचा. पण तुम्ही सही केली आहे म्हणून मी काहीही दाखवेन असं नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही करणार."

मी म्हटलं, तो आऊट होता.

ती म्हणाली, ओके.

मी म्हटलं, कॅमेरा तिरका असेल.

ती म्हणाली, ओके पप्पा. आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, कामाचा दिवस. वर्कशॉपमध्ये सगळे एवढे सभ्य वागत होते की मला कसंतरी व्हायला लागलं. कोणी वर बघेना. करवतीचा आवाज थांबला की कुठूनतरी फुस्स करून हसू यायचं आणि मी वळलो की सगळे मापं घेतायत. मी पेंटरला बोलावलं. विचारलं, कल सिनेमा देखा?

तो घाबरला. म्हणाला, "उस्ताद, आप अंपायर हो. आपने आउट बोला तो आउट."

मी म्हटलं, ते सोड. सिनेमा कैसा लगा?

तो थोडा वेळ ब्रश पुसत राहिला. मग म्हणाला, "उस्ताद, घर से आया तब से ऐसा नहीं हँसा. सब बोल रहे थे, उस्ताद की बेटी फिर से आएगी क्या."

मी त्याला कामाला लावलं. पण संध्याकाळपर्यंत त्याचं ते वाक्य माझ्याबरोबर फिरत होतं. मी पंधरा वर्षं त्या माणसांकडून काम करून घेतलं, चांगलं घेतलं. पण माझ्या बोलण्याने ते असे कधी हसले नव्हते, आणि माझ्या पोरीने पाच मिनिटांत हसवलं. याला मार्क नाहीत तर कशाला आहेत?

घरी गेल्यावर ती कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत होती. मी दारातूनच म्हटलं, "काप मला."

तिने वळून बघितलं.

"सगळं नको कापू. पिच कसं बनवतात तेवढं ठेव, ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. वसई काप, चादर काप. आणि रनआऊट मोठा कर. पण एक अट आहे. बॅट दाखवशील, रेषा दाखवशील, तर माझं बोटपण दाखवायचं. पूर्ण वर गेलेलं. आणि माझा चेहरापण. मी निर्णय दिला तो काही चाचरत दिला नव्हता."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसायला लागली की तिच्या आईने आतून विचारलं, आता काय झालं. "पप्पा, दॅट्स द एंडिंग," ती म्हणाली. मला नीट समजलं नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं आणि ती मला मिठी मारत होती. आमच्याकडे बापाला अशी मिठी मारायची पद्धत नाही. मी म्हटलं, बस बस, काम कर.

बुधवारी परीक्षा. आईबापांना मागच्या रांगेत बसायला परवानगी होती. मी सूट घातला. बायकोने वसईहून आणलेली लग्नाची साडी नेसली. छोटा हॉल होता, पुढे पडदा, टेबलाला दोन परीक्षक, एक ती स्कॉटिश बाई आणि एक बाहेरून बोलावलेला जॉर्डनचा माणूस, कधीकाळी टीव्हीत काम केलेला. जाडा, दाढीवाला, हसण्याचं नाव नाही. आमच्या आधीच्या मुलाला त्याने विचारलं की तुझ्या सिनेमात वाईट काय आहे. मुलगा म्हणाला, काही नाही सर. त्याने तोंड वाकडं करून काहीतरी लिहिलं.

मुलीने आधी जुना सिनेमा दाखवला, मग लोकांच्या तोंडांची टेप थोडी, मग नवा. नव्यात मी पिच सांगतो, तीन-चार वाक्यं. माणसं रेती भिजवतात, तुळई ओढतात, गालिचा ताणतात. मॅच होते. पेंटर धावतो. मग सगळं हळू होतं. बॅट रेषेच्या आत येऊन टेकते. तिथे ती थांबवते. दांड्या उभ्या. मग चेंडू लागतो. आणि मग पडदाभर माझं बोट, हळूहळू वर जातंय, त्याच्या मागे माझा चेहरा, दगडासारखा. त्यानंतर गालिचा उचलतात, प्लायवूड उचलतात, रेती तशीच मोकळी. संपलं.

हॉल हसला. मागे बसलेली अनोळखी आईबापं, एक अरबी आई, पाकिस्तानी बाप, सगळे हसले. दाढीवालासुद्धा हसला, हे मी स्वतः बघितलं.

मग प्रश्न. तिला विचारलं, पहिल्या प्रेक्षकांच्या वेळी काय चुकलं. ती म्हणाली, माझ्या पप्पांनी त्यांना आधी जेवायला घातलं. पुन्हा सगळे हसले, आणि बायकोने मला कोपर मारलं. मग विचारलं, सगळ्यात अवघड कट कोणता? ती म्हणाली, पप्पांचा. कारण ते चांगलं बोलले होते, आणि मला ते ऐकायला आवडतं, पण ते सिनेमाचं नव्हतं, आमच्या घरचं होतं. आणखी काय चुकलं, ते तिने स्वतःहून सांगितलं, मोजून, न लाजता. मी हात घट्ट धरून बसलो होतो. प्रत्येक चूक ती सांगायची तेव्हा मला वाटायचं, पोरी, पुरे आता. पण त्या दोघांचं लिहिणं चालूच होतं, आणि त्यांच्या माना होकाराच्या हलत होत्या.

शेवटी दाढीवाला मागे वळला. माझ्याकडे बोट करून इंग्रजीत विचारलं की अंपायर तुम्हीच ना? मी उभा राहिलो. तो म्हणाला, "सो हबीबी, आउट ऑर नॉट आउट?"

सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. मुलगी पुढे उभी.

मी म्हटलं, "आउट, सर."

त्याने पेन टेबलावर टाकलं आणि टाळ्या वाजवल्या.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. मुलीने वर्कशॉपच्या फोनवर फोन केला. तिकडे कायम कोणतंतरी मशीन चालू असतं, मला काही ऐकू येईना. मी हात वर करून सगळी मशीनं बंद करायला लावली. कामाच्या वेळेत मी मशीन बंद करायला लावलेलं त्या लोकांनी पहिल्यांदाच बघितलं असेल. ती म्हणाली, बी प्लस. प्रॉडक्शन मिळालं. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. फोन ठेवल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, आणि पेंटरने रंगाचा डबा खाली ठेवून विचारलं की उस्ताद, इसमें मेरा कितना परसेंट? मी त्याला म्हटलं, तू आउट था, तेरा झीरो. पण चहा मी सगळ्यांना पाजला, आणि मेहुण्याला त्याच दिवशी फोन लावला.

संध्याकाळी मुलीने परीक्षकांचा कागद वाचून दाखवला. लोकांचं ऐकून बदलल्याचे आणि आपल्या चुका सांगितल्याचे मार्क सगळ्यात जास्त. सिनेमाच्या कापाकापीलाही चांगले. अंपायरच्या बोटाच्या शॉटबद्दल एक ओळ होती, ती मी तिला दोनदा वाचायला लावली, इथे सांगत नाही, बढाई होईल. मार्क गेले ते आवाजाचे. बाहेरच्या शूटिंगमध्ये माइकवर वारा फार येतो, असं लिहिलं होतं.

बाकी सगळा कागद मला पटला. हे मात्र पटलं नाही. मुसफ्फाला मोकळ्या रेतीवर सकाळी वारा असतोच. तो तिथे होता म्हणून सिनेमात आला. त्याचे मार्क कापायचे म्हणजे काय? मुलगी म्हणाली, पप्पा, पुढच्या वेळी मी माइकला कव्हर लावीन. मी म्हटलं, तू लाव. पण मला कोणी विचारलं तर मी वाऱ्याच्या बाजूने आहे.